सोडियम उतरलंय, मांड्या वाळल्यात: मधुमेहींच्या घरून आलेले प्रश्न

मधुमेह असलेल्या माणसाचं सोडियम कमी येणं आणि हातपाय वाळत जाणं, या दोन तक्रारींची पत्रं या वेळी खानापूरपासून निपाणीपर्यंत सगळीकडून आली आहेत. दोन्हींमागची कारणं बऱ्याचदा तीच निघतात: अति पथ्य, नीट न वाचलेली गोळी आणि मोकाट सुटलेली साखर. म्हणून उत्तरं एकत्र देत आहोत.

सासूबाई ६८ वर्षांच्या, मधुमेह १४ वर्षं. बीपीची गोळी बदलून तीन आठवडे झाले असतील. मळमळ सुरू झाली, चालताना तोल जायला लागला आणि एका रात्री त्या भलतंच बोलू लागल्या. गावातच अशक्तपणाची एक बाटली चढवली, पण त्यानंतर झापड वाढली. बेळगावला नेल्यावर सोडियम ११८ निघालं (सामान्य १३५ ते १४५). पाच दिवसांनी १३२ वर घरी सोडलं. एवढे दिवस का लागले? शेजारी म्हणतात जेवणात मीठ वाढवा. वाढवू का? (खानापूर तालुका)

वाढवू नका. रक्तातलं सोडियम म्हणजे शरीरातला मिठाचा साठा नव्हे. मीठ आणि पाणी यांचं ते प्रमाण आहे. आमटी अळणी लागते ती मीठ कमी पडल्यामुळे, तशीच पाणी जास्त झाल्यामुळेही. उतारवयातल्या बहुतेक रुग्णांत दुसरा प्रकार असतो, म्हणजे आत आलेलं पाणी मूत्रपिंडांना पुरेसं बाहेर टाकता येत नाही. अशा वेळी नुसतं मीठ दिलं की बीपी चढतं, पायांवर सूज येते आणि मूळ कारण जागच्या जागी राहतं.

तुमच्या पत्रातली कामाची गोष्ट म्हणजे ती बदललेली गोळी. तिची पट्टी घ्या आणि मोठ्या अक्षरातलं नाव सोडून खालची बारीक अक्षरं वाचा. हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन किंवा इंडापामाइड यांपैकी एखादं नाव सापडण्याची शक्यता मोठी आहे. अनेक कंपन्या अशा जोडगोळीच्या नावापुढे 'एच' किंवा 'सीटी' लावतात. ही औषधं चांगली आहेत, लाखो लोकांचं बीपी त्यांनी ताब्यात राहतं. पण वय जास्त, अंगकाठी बारीक आणि त्यातून बाई माणूस, असा योग आला की सोडियम घसरण्याचा धोका वाढतो. ही घसरण बहुधा पहिल्या दोन ते चार आठवड्यांत दिसते. एकदा असं झालं की त्या गटातली कुठलीच गोळी पुन्हा सुरू करायची नसते. म्हणून औषधाचं नाव त्यांच्या फाईलच्या पहिल्या पानावर लाल शाईनं लिहून ठेवा. इथली माणसं आज बेळगावला, उद्या कोल्हापूरला, परवा मिरजेला दाखवतात. प्रत्येक ठिकाणच्या डॉक्टरांना ते दिसलं पाहिजे.

गावातल्या बाटलीबद्दल. अशक्तपणा वाटला की सलाईन, ही सवय सोडियमच्या बाबतीत महागात पडते. ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या बाटलीतली साखर शरीर वापरून टाकतं आणि मागे नुसतं पाणी उरतं. त्यानं सोडियम आणखी खाली जातं. काही रुग्णांत, म्हणजे ज्यांचं शरीर पाणी धरून ठेवतं आणि लघवी घट्ट करतं त्यांच्यात, ०.९ टक्क्याच्या साध्या सलाईननंही आकडा घसरू शकतो. म्हातारं माणूस बरळायला लागलं तर बाटली लावण्याआधी ग्लुकोमीटरवर साखर आणि रक्तातलं सोडियम, या दोन तपासण्या व्हायलाच हव्यात. साखर लगेच बघा, कारण ती ७० च्या खाली गेली तरी माणूस असाच बरळतो आणि त्यावरचा उपाय मिनिटांत करायचा असतो.

पाच दिवस का लागले, असंही तुम्ही विचारलं आहे. तो उशीर नव्हे, ती काळजी होती. सोडियम बरेच दिवस खाली राहिलं की मेंदूच्या पेशी त्याच्याशी जुळवून घेतात. मग ते झपाट्यानं वर नेलं तर मेंदूच्या आतल्या भागाला इजा होते, आणि काही दिवसांनी गिळणं, बोलणं, हातपाय हलवणं बंद पडू शकतं. म्हणून २४ तासांत साधारण ८ ते १० च्या वर चढू द्यायचं नसतं. फिट येणं, शुद्ध हरपणं अशी स्थिती असेल तर ३ टक्क्यांचं सलाईन थोड्या मात्रेत देऊन पहिले चार-पाच अंक लवकर उचलतात, पण दिवसभराची मर्यादा तीच. गोळी बंद केल्यावर कधीकधी एकदम भरपूर लघवी सुटते आणि आकडा आपोआप उसळतो. म्हणून दर चार-सहा तासांनी रक्त घेतात. 'सारखं रक्त काढतात' म्हणून नातेवाईक चिडतात, पण हीच तपासणी रुग्णाला वाचवते.

आता घरी. पहिली तपासणी चार ते सात दिवसांत, दुसरी आणखी दोन आठवड्यांनी करा. पाण्यावर मर्यादा सांगितली असेल तर ती किती दिवस पाळायची हे विचारून घ्या. गोळीमुळे उतरलेल्या सोडियमला ती कायम लागत नाही. त्या मर्यादेत चहा, ताक, पेज, आमटीचं पाणी सगळं धरायचं. थायरॉईडची टीएसएच तपासणी झाली नसेल तर करून घ्या. आणि त्या जेवतात किती, हे ताटाशी बसून पाहा. सकाळी चहा-खारी, दुपारी पेज, रात्री दोन घास भात असं चाललं असेल तर तेही एक कारण आहे. लघवीवाटे पाणी बाहेर पडायला त्याच्याबरोबर काही क्षार आणि युरिया जावा लागतो. युरिया येतो प्रथिनांतून. प्रथिनंच पोटात गेली नाहीत तर मूत्रपिंड चांगलं असूनही पाणी मागे राहतं. त्यामुळे मिठाची चिमूट वाढवण्यापेक्षा रोज एक अंडं आणि वाटीभर घट्ट वरण वाढवलंत तर उपयोग जास्त.

पुन्हा मळमळ, डोकेदुखी, तोल जाणं किंवा उलटसुलट बोलणं सुरू झालं तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा.

वडिलांची साखर ४६२, त्याच रिपोर्टात सोडियम १२९ आणि पुढे लाल खूण. दोन वेगळे आजार समजायचे का? (चिकोडी)

बहुतेक एकच. रक्तात साखर दाटली की ती पेशींतलं पाणी ओढून रक्तात आणते आणि सोडियम पातळ होतं. हिशेब सोपा आहे. साखर १०० च्या वर जितके शंभर, तितक्या वेळा १.६ मिळवायचे. ४६२ मधून १०० वजा केले की ३६२ उरतात, म्हणजे ३.६ वेळा. त्याला १.६ नं गुणलं की ५.८. १२९ मध्ये मिळवल्यावर खरं सोडियम १३५ च्या आसपास निघतं. साखर फार चढलेली असेल तर काही डॉक्टर १.६ ऐवजी २.४ धरतात. मग ते १३७-१३८ येतं. सोडियमचा सामान्य पल्ला १३५ ते १४५ आहे, तेव्हा इथे सोडियमवर उपचार करायचा नाही, साखर उतरवायची. इन्सुलिननं ती खाली आली की सोडियम आपोआप वर येतं.

हिशेब करूनही आकडा १३० च्या खालीच राहिला, तर मात्र दुसरं कारण शोधावं लागतं. आणि ४६२ साखर असलेल्या माणसाला उलट्या, पोटदुखी किंवा धाप असेल तर लघवीतले कीटोन (इन्सुलिन फार कमी पडल्यावर चरबी मोडून बनणारी आम्लं) त्याच दिवशी तपासा.

वडील ६१ वर्षांचे, तंबाखूच्या वखारीत काम करायचे. वर्षात ११ किलो वजन उतरलं, आता ५८ किलो. साखर उपाशीपोटी १४० आहे म्हणून सगळे म्हणतात 'चांगलं झालं, पथ्य लागू पडलं.' भात, दूध, कडधान्यं सगळं बंद, दोन वेळा एकेक भाकरी आणि कारल्याचा रस. पण मांड्या काटकुळ्या झाल्यात, खालून उठताना गुडघ्यावर हात द्यावा लागतो. पोट आणि चेहरा मात्र भरल्यासारखा दिसतो. गुडघेदुखीवर बाजारातल्या पुड्या घेतात, त्यानं एका दिवसात आराम पडतो. (निपाणी)

हे चांगलं झालेलं नाही, आणि शेवटच्या दोन वाक्यांनी आम्हाला जास्त काळजी वाटते. चेहरा गोल, पोट पुढे, हातपाय बारीक, बसल्यावर उठता न येणं, आणि एका दिवसात आराम देणारी बिननावाची पुडी. हे चित्र स्टिरॉइडचं आहे. सांधेदुखीच्या अशा पुड्यांत आणि खुल्या गोळ्यांत डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन मिसळलेलं सापडतं. स्टिरॉइड दुखणं खरंच थांबवतं, म्हणून विश्वास बसतो. पण ते मांड्या-खांद्यांचे स्नायू झिजवतं, साखर चढवतं आणि हाडं ठिसूळ करतं. हातांवर सहज काळेनिळे डाग उठतात का, कातडी कागदासारखी पातळ झाली आहे का, तेही बघा.

पण हे वाचून पुडी आज फेकून देऊ नका. महिनोन्‌महिने बाहेरून स्टिरॉइड मिळालं की मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी स्वतःचं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं नैसर्गिक स्टिरॉइड, बनवणं थांबवतात. पुडी एकदम तोडली तर उलट्या, बीपी कोसळणं, साखर उतरणं आणि सोडियम घसरणं एकाच वेळी होऊ शकतं. उरलेल्या पुड्या घेऊन फिजिशियनकडे जा. सकाळी आठच्या सुमारास कॉर्टिसॉल तपासतात आणि मोजक्या मात्रेची गोळी देऊन ती हळूहळू कमी करत आणतात. तोवर गुडघ्यासाठी दुसरा उपाय ते देतील. मेडिकल दुकानातल्या दुखण्याच्या गोळ्या स्वतः घेऊ नका, मधुमेहींच्या मूत्रपिंडांना त्या मानवत नाहीत.

पुडी हे एक कारण असलं तरी तेवढ्यावर थांबता येत नाही. न ठरवता वर्षात ११ किलो उतरले तर एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी), छातीचा एक्स-रे, थुंकीत क्षयाचे जंतू, टीएसएच आणि पोटाची सोनोग्राफी एवढं व्हायलाच हवं. एचबीए१सी ९-१० निघालं तर शरीराला इन्सुलिन कमी पडतंय असा अर्थ घ्यायचा. इन्सुलिन फक्त साखर उतरवत नाही, स्नायू बांधून ठेवण्याचं कामही तेच करतं. ते कमी पडलं की शरीर स्वतःचं मांस मोडून खातं. अशा वेळी सुईची भीती धरून गोळ्या वाढवत राहण्यात मांड्या जातात. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ ही तपासा. ते कमी पडलं तर पायांत मुंग्या येतात आणि तोल जातो, आणि दोष मधुमेहावर जातो.

स्नायू किती गेले हे घरी कळतं. हात छातीवर बांधून, साध्या उंचीच्या खुर्चीवरून पाच वेळा पूर्ण उठायचं आणि बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर ताकद कमी आहे. पोटरीचा सर्वांत जाड भाग टेपनं मोजा. पुरुषात ३४ आणि स्त्रीत ३३ सेंटीमीटरपेक्षा कमी घेर ही धोक्याची खूण. दर महिन्याला एकाच पायाचा मोजा आणि तारीख घालून लिहून ठेवा. वजनकाट्यापेक्षा हा टेप खरं सांगतो, कारण पायांवर सूज नसेल तर पोटरी खोटं भरत नाही.

आता जेवण. मूत्रपिंड ठीक असेल तर वजनाच्या दर किलोला १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात. ५८ किलोला रोज ५८ ते ७० ग्रॅम. दोन भाकऱ्या आणि कारल्याच्या रसात १२-१५ ग्रॅमही भरत नाहीत. आपल्याकडच्याच ताटात हे असं बसतं: सकाळी दोन उकडलेली अंडी आणि कपभर बिनसाखरेचं दूध, १८ ग्रॅम. दुपारी जोंधळ्याच्या दोन भाकऱ्या, मटकीची किंवा हुलग्याची घट्ट उसळ (कच्चं कडधान्य ४० ग्रॅम, साधारण एक मूठ) आणि वाटीभर दही, मिळून २५. चार वाजता भाजलेले शेंगदाणे ३० ग्रॅम, ७. रात्री एक भाकरी आणि मसुराची घट्ट आमटी, १२. बेरीज ६२. अंडं चालत नसेल तर २५ ग्रॅम कोरडे सोयाचे तुकडे भिजवून रश्श्यात घाला, १३ ग्रॅम मिळतात. आमटी पातळ केली की वाटी तीच दिसते आणि डाळ निम्मी होते. फसगत होते ती इथे.

कडधान्यांनी साखर चढते ही समजूत त्यांना घातक ठरली आहे. भाकरीबरोबर उसळ असली तर साखर उलट सावकाश चढते. कारल्याच्या रसात प्रथिनं नाहीत आणि तो औषधाची जागा घेत नाही.

एक सावधगिरी. मूत्रपिंडाच्या रक्ततपासणीत क्रिएटिनिन १.० आलं म्हणून मूत्रपिंड उत्तम असं वडिलांच्या बाबतीत म्हणता येणार नाही. क्रिएटिनिन स्नायूंतूनच तयार होतं. स्नायू झिजलेल्या माणसात मूत्रपिंड बिघडूनही ते चांगलं दिसतं. म्हणून लघवीतलं अल्ब्युमिन आणि जमल्यास सिस्टॅटिन-सी (स्नायूंवर फारशी न अवलंबणारी मूत्रपिंडाची रक्ततपासणी) तपासा. मूत्रपिंड खरंच मंदावलं असेल तर प्रथिनं किलोला ०.८ ग्रॅमच्या आसपास ठेवतात, पण तीही मोजून भरायची असतात. बहुतेक घरांत तेवढीसुद्धा भरत नाहीत.

एकाच मांडीत दोन महिन्यांपासून असह्य कळा, रात्री जास्त. आता ती मांडी बारीक झाली आहे आणि जिना उतरताना गुडघा दगा देतो. वय ५७, साखर फार वाढलेली नाही. मणक्याचा त्रास सांगितला, पण पट्टा लावून फरक नाही. (शहापूर, बेळगाव)

मणका नक्की तपासायचाच, पण मधुमेहाचा एक कमी ओळखला जाणारा प्रकार अगदी असा वागतो. त्याला डायबेटिक अमायोट्रॉफी म्हणतात. कमरेतून मांडीकडे जाणाऱ्या मज्जातंतूंना सूज येते. आधी एका बाजूच्या मांडीत, कुल्ल्यात आगीसारखी कळ, मग काही आठवड्यांत मांडीचा पुढचा स्नायू वाळतो, आणि वजनही उतरतं. पन्नाशीनंतरच्या टाइप २ मधुमेहात हा जास्त दिसतो आणि साखर बरी असतानाही होतो. मणक्याची गादी सरकल्यावर कळ बहुधा गुडघ्याखाली, पावलापर्यंत जाते. तुमची मांडीतच आहे. न्यूरॉलॉजिस्टकडे एनसीव्ही-ईएमजी (मज्जातंतू आणि स्नायूंची विजेवरची तपासणी) आणि कमरेचा एमआरआय करून घ्या.

धीराची गोष्ट अशी की हा आजार बहुतेकांत स्वतःच मागे हटतो. कळा आधी थांबतात, ताकद यायला कित्येक महिने, कधी दीड-दोन वर्षं लागतात, आणि थोडा अशक्तपणा उरू शकतो. तोवर पडायचं नाही हेच मुख्य काम. जिन्याला कठडा, हातात काठी, न्हाणीघरात रबरी चटई आणि फिजिओथेरपी. वेदनेसाठी ड्युलोक्सेटिन दिलं तर सुरू केल्यावर दोन आठवड्यांनी सोडियम तपासा. ते सोडियम उतरवू शकतं. एस्सिटालोप्रामसारख्या मनाच्या आणि कार्बामॅझेपिन, ऑक्सकार्बाझेपिन या मज्जातंतूंच्या गोळ्यांचंही तसंच. यांतली एखादी आणि बीपीची 'एच' गोळी एकत्र चालू असेल तर हे दोन्ही डॉक्टरांना ठाऊक आहे ना, याची खात्री करा.

साध्या मिठाऐवजी सैंधव किंवा 'लो सोडियम' मीठ वापरावं का? (संकेश्वर)

सैंधवही सोडियम क्लोराइडच, सोडियमच्या बाबतीत फरक काही नाही. 'लो सोडियम' मिठात पोटॅशियम असतं. टेल्मिसार्टान, लोसार्टान, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांपैकी काही चालू असेल किंवा मूत्रपिंड मंद असेल तर ते अजिबात नको. पोटॅशियम चढून हृदयाचा ठोका बिघडतो.

मे महिन्यात उसाच्या रानात काम असतं. मधुमेहीनं किती पाणी प्यावं? जुलाब झाले तर ओआरएसमध्ये साखर आहे म्हणून टाळावं का? (हुक्केरी)

तहानेप्रमाणे प्या. उपाशीपोटी तांब्याभर पाणी सक्तीनं पिण्यात काही गुण नाही, आणि घाम भरपूर जात असताना नुसतं पाणी ढोसत राहिल्यानं सोडियम उतरतं. रानात ताकात चिमूटभर मीठ घालून न्या, भाकरी-चटणी वेळेवर खा.

जुलाबात ओआरएस टाळू नका. १ लिटर ओआरएसमध्ये ग्लुकोज १३.५ ग्रॅम, म्हणजे जेमतेम तीन चमचे असतं, आणि आतड्यातून सोडियम आत ओढायला ते लागतंच. १ लिटरचं पाकीट पूर्ण १ लिटर पाण्यात एकदम कालवा. अर्धं पाकीट अंदाजानं घातलं की प्रमाण बिघडतं. तयार गोड पेयाच्या खोक्याला ओआरएस समजू नका. त्या दिवसांत डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, मेटफॉर्मिन आणि लघवी वाढवणारी गोळी थांबवायची का, हे डॉक्टरांना फोन करून त्याच दिवशी विचारा. बहुतेक वेळा थांबवतात. इन्सुलिन मात्र जेवण नाही म्हणून पूर्ण बंद करू नका. दर चार तासांनी साखर बघून मात्रा विचारून घ्या.

दिवसभर मागावर बसून काम. जिम परवडत नाही आणि वेळही नाही. स्नायू राहावेत म्हणून घरात काय करू? मधुमेह ९ वर्षं, वय ५२. (वडगाव, बेळगाव)

चालणं चांगलं, पण त्यानं मांड्यांचा स्नायू वाढत नाही. त्याला वजन पेलावं लागतं. आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड, २० मिनिटं द्या. खुर्चीवरून हात न टेकता १० वेळा उठणं-बसणं, मिनिटभर थांबून पुन्हा, असे तीन फेरे. बसताना धपकन बसू नका, तीन आकडे मोजत खाली या. स्नायू खरा तिथे बनतो. मग भिंतीला हात टेकून १० जोर, ओट्याला धरून १५ वेळा टाचा उचलणं, आणि १ लिटर पाण्याची बाटली प्रत्येक हातात घेऊन खांद्यावर १० वेळा उचलणं. शेवटचे दोन जड गेले पाहिजेत. सहज जमू लागले की पिशवीत वजन घालून वाढवा. मागावर दर तासाला उठून दहा वेळा टाचा उचलल्या तरी पायांत रक्त खेळतं.

ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन चालू असेल तर आधी साखर बघा. १०० च्या खाली असेल तर एक केळं खाऊन सुरू करा. २५० च्या वर असून अंगात कसकस किंवा मळमळ असेल तर त्या दिवशी राहू द्या. पायांना बधिरपणा असेल तर अनवाणी नको, बूट घालून करा आणि झाल्यावर तळवे आरशात तपासा. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी वर्षभरात झाली नसेल तर आधी ती करून घ्या. पडद्यावर नवीन कच्च्या रक्तवाहिन्या फुटल्या असतील तर श्वास कोंडून वजन उचलल्यानं डोळ्यात रक्तस्राव होऊ शकतो. ती भीती नसली तरी उचलताना तोंडानं श्वास सोडायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.